चौकांतील बसण्याची जागा
(महोत्सवानिमित्त पॅरिशच्या सभागृहांत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या व्याख्यानासाठीं आम्हीं इमारतींचा विषय निवडला, याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु कारण घरचेंच आहे. गेल्या उन्हाळ्यांत आपल्यापैकीं एक वृद्ध मावशी मिस्सा आटोपून परततांना दमल्या व रस्त्यापलीकडील नव्या इमारतींच्या चौकांत, झाडाच्या कुंडीच्या कडेवर टेकल्या. पहारेकऱ्यानें विचारलें, 'कोणत्या दुकानांत जावयाचें आहे?' कोणत्याच नाहीं, असें कळतांच त्यानें त्यांस उठविलें. त्यांचे यजमान तीस वर्षें मागावर उभे राहिले, तीच ती गिरणीची जमीन.

खालीं दुकानें, वर बिऱ्हाडें, मधें चौक, ही रचना परक्यांची असें कोणी समजूं नये. गिरगांवची कोणतीही जुनी चाळ पहावी. खोताच्या वाडींत घराचा ओटा गल्लीकडे तोंड करून असतो. ओटा घरवाल्याचा खरा. परंतु घटकाभर टेकणाऱ्यास कोणी काम विचारीत नाहीं. नव्या वसाहतींत उणें आहे तें इतकेंच.

हा प्रश्न न्यूयॉर्क शहरास आपल्या आधीं पडला. जो मालक इमारतीच्या पायथ्याशीं लोकांसाठीं चौक मोकळा ठेवील, त्यास अधिक बांधकाम करूं द्यावें, असा नियम तेथें १९६१ सालीं झाला. चौक पुष्कळ झाले. माणसें मात्र थोड्याच चौकांत दिसत. असें कां, हें विल्यम व्हाइट नांवाच्या गृहस्थानें सोबती घेऊन, कॅमेरे लावून पाहिलें. ऊन, आकार, शोभा, सर्व तर्क तपासले. उत्तर निघालें तें इतकें साधें कीं हसूं यावें : जेथें बसावयास जागा असते तेथें लोक बसतात. कांहीं मालकांनीं तर कोणी टेकूं नये म्हणून कठड्यांवर खिळे ठोकले होते! १९७५ सालीं नियम सुधारला, आणि चौकाच्या दर ३० चौरस फुटांस एक फूट लांबीची बैठक सक्तीची झाली. त्याच शहरांत १९६७ सालीं उघडलेलें पेली पार्क अवघें ४,२०० चौरस फुटांचें. कृत्रिम धबधबा, थोडी झाडें व सुट्या खुर्च्या. व्हाइटनें टिपून ठेविलें आहे कीं, माणूस बसण्यापूर्वीं खुर्ची चार बोटें तरी सरकवितोच, ती होती तेथें कितीही बरी असो. आपल्या लग्नमंडपांत याहून निराळें काय होतें?

गिरणगांवांत १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. १९९१ च्या नियमांप्रमाणें, मालकानें जमीन नव्यानें विकसित केल्यास ढोबळ मानानें तिसरा हिस्सा शहराच्या मोकळ्या जागांस व तिसरा हिस्सा स्वस्त घरांस जावयाचा होता. २००१ सालीं ती वांटणी केवळ आधींच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो बदल कायम ठेविला. मैदानें हातचीं गेलीं. म्हणून खासगी चौकांत आपणांस बसूं देतात कीं नाहीं, याला आतां इतकें महत्त्व आलें आहे.

दुकानांशीं आमचें वैर नाहीं. दुकानांमुळेंच चौकांत वर्दळ राहते, आणि एक चहावाला दहा कारंज्यांहून अधिक माणसें जमवितो. मात्र दुकानांचीं दारें रस्त्याकडे उघडावीं, मे महिन्यांत सावली व जुलैंत छप्पर असावें, आणि विकत कांहींच न घेणाऱ्यासही बूड टेकावयास जागा मिळावी.

आतां आपल्याच आवाराकडे पाहूं. रस्त्याकडील भिंत पडावयास आली आहे. नवी भिंत सहा फूट उंच करून तीवर कांचा बसवाव्या, अशी सूचना आहे. आमचें म्हणणें असें कीं, बाहेरच्या बाजूस दीड फूट उंचीचा रुंद कट्टा बांधावा. चोरांची भीति असेल तर मागें लोखंडी जाळी लावावी. रात्रीं टवाळ पोरें अड्डा करतील, असें एका बंधूंनीं म्हटलें. तशी भीति धरून बांधलेले चौक ओस पडतात, आणि ओस जागेंतच भीति वाढते, असें व्हाइटचें मत होतें. कट्ट्याची मागणी आम्हीं पॅरिशच्या कारभारी मंडळाकडे लेखी दिली आहे. कट्ट्यास कांचांहून अधिक खर्च येईल, हेंही तींत लिहिलें आहे.