रुपेरी पडद्यावरील पालकत्वाचे पाठ



चित्रपट मुलांना बिघडवतो, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. ती सर्वस्वी निराधार नाही. परंतु चित्रपटाने संस्कार करावेत, हेही मराठी माणसाला नवे नाही. आचार्य अत्रे यांच्या १९५३ सालच्या ‘श्यामची आई’ला १९५४ मध्ये पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक लाभले आणि त्या चित्रपटाने मातृत्वाचा आदर्श घरोघरी पोहोचवला. आज त्याच माध्यमाचा विचार एका कठीण कार्यासाठी करावयाचा आहे. ते कार्य म्हणजे बालकांवरील अत्याचारास प्रतिबंध.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी संवाद साधण्यात आला. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक छळाचा कोणता ना कोणता प्रकार सोसल्याचे सांगितले. छळ करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे मुलाच्या ओळखीचे वा विश्वासातले होते. कुटुंबात मार सोसलेल्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना आई-वडिलांनीच मारले होते. असे आकडे वाचून मनुष्य क्षणभर हळहळतो आणि ‘आपल्याकडे असे घडत नाही’ म्हणून पान उलटतो. चित्रपट मात्र त्याला मुलाच्या जागी बसवतो.

२००७ मधील ‘तारे जमीन पर’ पाहताना हाच अनुभव येतो. आठ वर्षांच्या ईशानला अक्षरे ओळखता येत नाहीत. वडील त्यास आळस आणि उद्दामपणा समजतात, मोठ्या भावाशी तुलना करतात आणि अखेर त्याला वसतिगृहाच्या शाळेत धाडतात. हे वडील दुष्ट नाहीत. मुलाचे भले व्हावे, हीच त्यांची इच्छा आहे. म्हणूनच प्रेक्षागृहातील पित्याला त्यांच्यात स्वतःचा चेहरा दिसतो. शिक्षा करण्यापूर्वी ‘याला अडचण काय आहे?’ असे विचारावे, एवढा एक धडा घरी नेला तरी तिकिटाचे पैसे वसूल झाले.

त्याहून कठोर प्रश्न मीरा नायर यांच्या ‘मान्सून वेडिंग’ने २००१ मध्ये विचारला. व्हेनिसच्या महोत्सवात सुवर्णसिंहाचा मान मिळवणारा हा चित्रपट दिल्लीतील पंजाबी कुटुंबाच्या लग्नघरात घडतो. घरचे जावई तेज हे धनवान, मानाचे आणि कुटुंबावर अनेक उपकार केलेले गृहस्थ. पितृहीन रियाच्या अमेरिकेतील शिक्षणाचा खर्चही तेच उचलण्यास पुढे येतात. याच गृहस्थांनी बालपणी तिच्यावर अत्याचार केलेला असतो. आता ते घरातील आणखी एका लहान मुलीला जवळ करीत आहेत, हे पाहून रिया सर्वांसमक्ष बोलते. तिला वाढवणारे काका ललित पेचात पडतात. एकीकडे उपकार, नाते, लग्नाचा मांडव आणि चारचौघांतील अब्रू; दुसरीकडे एका मुलीचा शब्द. अखेर ते तेज यांना लग्नघरातून निघून जाण्यास सांगतात.

आपणांसारख्या नातेसंबंध जपणाऱ्या, उपकार न विसरणाऱ्या समाजाने हा प्रसंग पुनःपुन्हा पाहावा. पैशाचे ऋण पैशाने फेडता येते; बालकाच्या मौनाने ते फेडण्याचा अधिकार कुणालाच नाही.

हा चित्रपट मोठ्यांनी पाहण्याचा आहे. मुलांसाठी चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशनचा ‘कोमल’ हा छोटा अ‍ॅनिमेशनपट आहे. ओळखीच्या गृहस्थाचा स्पर्श नकोसा वाटल्यास ‘नाही’ म्हणावे, तेथून निघून जावे आणि विश्वासू व्यक्तीस सांगावे, हे तो मुलांना भीती न घालता समजावतो.

तथापि, केवळ पडदा लावून कर्तव्य संपत नाही. आधी पालकांनी पाहावे, मग मुलांना दाखवावे आणि नंतर त्यांच्याशी निवांत बोलावे. चित्रपट पाहून एखादे मूल प्रथमच तोंड उघडेल, याची तयारी ठेवूनच आयोजन करावे. त्या वेळी उलटतपासणी करू नये, ‘तूच काही केले असशील’ असे म्हणू नये आणि ‘कुणाला सांगू नकोस’ असे तर कदापि म्हणू नये. ‘तू सांगितलेस हे योग्य केलेस, तुझी चूक नाही’ हे शब्द त्याला सर्वप्रथम ऐकू यावेत.

बदनामीचे भय अनेकांची वाचा बंद करते. परंतु १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आलेल्या ‘पॉक्सो’ कायद्याने मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास बंदी घातली आहे. जबाब मुलाच्या घरी वा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी घेतला जातो आणि तो घेणारे पोलीस अधिकारी गणवेशात नसतात. गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणे मात्र बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांसाठीचा दूरध्वनी क्रमांक निःशुल्क आहे.

प्रत्येक संस्थेकडे सभागृह असते, पडदा असतो आणि वर्षाकाठी अनेक कार्यक्रम होतात. त्यांतील एक संध्याकाळ या विषयास द्यावी. त्या रात्री घरी परतताना एखाद्या मुलाने आईचा हात धरून मनातले सांगितले आणि आईने ते खरे मानले, तर त्या संध्याकाळचे सार्थक झाले.