दुधाबरोबर शेणही मोजा



दुधाचे फॅट आणि एसएनएफ (स्निग्धेतर घन घटक) आपण दशांशापर्यंत मोजतो. ते दूध देणारे जनावर दिवसाला पंधरा-वीस किलो शेण टाकते. त्याची नोंद आपल्या कोणत्याही वहीत नसते. आज मला बोलायचे आहे ते या न मोजलेल्या शेणाविषयी.

चार म्हशींच्या घरी हा प्रश्न नसतो. शेण उकिरड्यात जाते आणि पावसाळ्याआधी शेतात पडते. जनावरे शेतापासून तुटली की अडचण सुरू होते. मुंबईतले तबेले शहराबाहेर नेण्यासाठी १९४९ साली आरे वसाहत उभी राहिली. ती उभारणाऱ्या दारा खुरोडी यांची ती मोठी दूरदृष्टी होती. पुढे शहर आरेच्या भोवती वाढले, पण शेण पाण्याच्या झोताने गटारात लोटण्याची रीत तशीच राहिली. दहिसर नदीकाठच्या तबेल्यांतूनही हेच होत आले. पाण्यात साचलेले शेण हवेविना कुजते आणि मिथेन सोडते. तेच शेण कोरडे, मोकळ्या हवेत ठेवले तर मिथेन फारच कमी निघतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला, तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो. म्हणून आधी खराट्याने आणि फावड्याने शेण उचलावे, मग फरशी धुवावी. याला यंत्र लागत नाही, दोन माणसे जास्त लागतात, आणि त्यांची मजुरी दुधाच्या दरात धरली गेली पाहिजे.

मिथेनचा मोठा वाटा शेणातून नव्हे, तर कोटीपोटातून ढेकरांवाटे येतो, हे इथल्या पशुवैद्यकांना ठाऊकच आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात गायी-म्हशी मिळून ३० कोटींहून अधिक जनावरे होती. त्यांतली कित्येक नुसता कडबा आणि उसाचे वाढे खाऊन जेमतेम दूध देतात. समतोल आहार, खनिज मिश्रण, मुरघास मिळाला तर दर लिटरमागचा मिथेन घटतो आणि शेतकऱ्याच्या हातात दोन पैसेही जास्त पडतात.

शहरी तबेल्यांतली एक प्रथा मला फार खुपते. लांबून आणलेली उत्तम मुऱ्हा किंवा जाफराबादी म्हैस एका वेतानंतर भाकड झाली की तिला काढून टाकतात. तीन-चार वर्षे वाढवताना तिने खाल्लेला चारा, प्यायलेले पाणी, सोडलेला मिथेन, हा सगळा भार त्या एका वेताच्या दुधावर पडतो. पारडू तर बहुधा जगतही नाही. अशी म्हैस परत गाभण होईपर्यंत गावाकडे सांभाळायची सोय झाली, तर तोच भार चार-पाच वेतांत वाटला जाईल. दूध संघांनी हे काम स्वतःकडे घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

शेणाचे कामही अशक्य नाही. गुजरातेत बनास डेअरीने डीसाजवळ दामा येथे शेतकऱ्यांकडून शेण विकत घेऊन त्यातून वाहनांचा गॅस आणि खत करायला सुरुवात केली. आणंद जिल्ह्यातल्या झकरियापुरा गावी घरोघरच्या गोबरगॅसमुळे चूल पेटते आणि बायका उरलेली स्लरी विकतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली डेअऱ्या आणि गोशाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या कागदावरून गोठ्यात आणणे आपल्या हाती आहे.

दुपारच्या सत्रात ठराव येतील. त्यांत माझी एक मागणी धरावी: शंभरावर जनावरे असलेल्या प्रत्येक तबेल्याने दुधाच्या नोंदीशेजारीच शेण किती निघाले आणि कुठे गेले, हे रोज लिहावे. दूध संघाने ती नोंद पाहूनच बिल काढावे.