बोटीवरचे लग्न



जालन्यात उभे राहून समुद्राची गोष्ट काढणे म्हणजे थोडा अव्यापारेषु व्यापारच आहे. आपली ओळख गोदावरी, पूर्णा आणि कुंडलिका यांच्या पाण्याशी; कप्तान आपण पाहिला तो पडद्यावर. भरसमुद्रात आगबोट चालली आहे, कठड्याशी वधूवर उभे आहेत, कप्तान पुस्तक उघडून चार वाक्ये म्हणतो आणि लग्न लागते. हे लग्न कायद्याने लागते काय, असा आजचा प्रश्न आहे.

उत्तर सरळ आहे. केवळ कप्तान आहे एवढ्याने कोणालाही लग्न लावण्याचा अधिकार मिळत नाही. अमेरिकेच्या नौदलाच्या नियमांत तर नौकाधिपतीने जहाजावर विवाहविधी करू नये असेच म्हटले आहे. बर्म्युडात नोंदलेल्या प्रवासी बोटींवर कप्तान लग्ने लावतात हे खरे; पण तो अधिकार त्याच्या टोपीचा नव्हे, बोटीवर ज्या देशाचे निशाण आहे त्या देशाच्या कायद्याचा आहे.

आता आपला कायदा पाहू. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात सरकारने नेमलेला विवाह अधिकारी लागतो. त्याला तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आणि त्याच्यासमोर, तीन साक्षीदारांच्या देखत, वधूवरांनी परस्परांचा स्वीकार केल्याचे सांगावे लागते. त्या अधिकाऱ्याची जागा कप्तानाला घेता येत नाही. ख्रिस्ती विवाहाच्या १८७२ च्या कायद्यातही लग्न कोणी लावावे हे ठरलेले आहे. परंतु १९५५ चा हिंदू विवाह कायदा उघडून पाहा. त्यात भटजीचा उल्लेख नाही, मग कप्तानाचा कोठून असणार? दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी झाले पाहिजेत, आणि त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो, एवढेच कायदा म्हणतो. १८७३ साली सत्यशोधक समाजाने पुरोहितावाचून लग्ने लावण्यास आरंभ केला, तेव्हा हाच प्रश्न समाजापुढे टाकला होता: लग्न लागते ते कोणामुळे? निकाहातही देकार, स्वीकार आणि साक्षीदार हे मुख्य. काझी नसला म्हणून तो निकाह रद्द होत नाही.

तेव्हा बोटीवर कोणी रीतसर सप्तपदी घातली तर ते लग्न सप्तपदीमुळे लागेल, कप्तानामुळे नव्हे. डेकवर होम पेटवायला तो परवानगी देईल की नाही, हा मात्र त्याच्या अधिकारातला प्रश्न आहे!

आपल्या जिल्ह्यातले सर्वांत प्रसिद्ध लग्न कोणते म्हणाल, तर जे लागलेच नाही ते. जांबचा नारायण बोहल्यावर उभा होता, 'सावधान' शब्द कानी पडला आणि तो मांडवातून निघून गेला, तो पुढे समर्थ रामदास झाला, असे परंपरा सांगते. वऱ्हाड जमले होते, भटजी होते, मंगलाष्टके चालू होती. तरी ते लग्न झाले असे कोणी म्हटले नाही. विधी पुरा झाला नव्हता, हे त्या काळच्या माणसालाही कळत होते.

ही गोष्ट ऐकताना आपण हसतो. परंतु हाच मुद्दा एखाद्या बाईच्या जन्माशी खेळतो. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे भाऊराव लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला आला. पहिली पत्नी हयात असता दुसरे लग्न केल्याचा आरोप होता. ते लग्न गांधर्व पद्धतीचे होते असे सांगण्यात आले. न्यायालयाने म्हटले, होम आणि सप्तपदी झालेली नाही, आणि त्यांवाचून लग्न लागते अशी रूढीही सिद्ध झालेली नाही. म्हणून दुसरे लग्न कायद्याने लग्नच नव्हे. आरोपी सुटला. पहिलीची फिर्याद वाया गेली, आणि दुसरीच्या हाती पत्नीपणाचा हक्क राहिला नाही. विधीतल्या उणिवेचा लाभ झाला तो एका पुरुषाला.

दुसरा निर्णय २०२४ चा. वधूवर दोघेही वैमानिक. एका संस्थेचा दाखला घेऊन लग्नाची नोंदणी झाली, पण विधी झालेच नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने ते लग्न वैध मानले नाही. विधीवाचून नुसता कागदही पुरत नाही.

मग नोंदणी कशाला, असे कोणी विचारील. लग्न झाले आहे, हे उद्या नाकारले जाऊ नये म्हणून. नवरा गेल्यावर वारसा मागताना, पोटगी मागताना बाईला हाच कागद पुढे करावा लागतो. महाराष्ट्रात विवाह नोंदणीसाठी १९९८ चा कायदा आहे. मांडवावर लाखांनी खर्च करणाऱ्या कुटुंबाने या नोंदीसाठी एक दिवस काढू नये, याचे मला वाईट वाटते.

आणि एक गोष्ट विसरू नका. लग्न लावणाऱ्याचे नाव हिंदू विवाह कायद्यात नसले, तरी २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात त्याला शिक्षा आहे: दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. मुलीचे अठरा आणि मुलाचे एकवीस पुरे झाले की नाही, हे अक्षता हाती घेण्यापूर्वी पाहावे लागेल. ऊसतोडीला निघण्यापूर्वी घाईने लेकीचे हात पिवळे करणारी घरे आपल्या भागात आहेत. तेथे भटजीने, मामाने, शेजाऱ्याने नुसता प्रश्न विचारला तरी एक मुलगी वाचेल.

आपल्याकडे समुद्र नाही, कप्तान नाही. पण मांडव आहेत, आणि त्यांत आपण सारे अक्षता घेऊन उभे असतो. तेथे भटजी 'सावधान' म्हणतात ते वधूवरांना उद्देशून. या वर्षी तो शब्द आपणही ऐकावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.