दुबळी ठिणगी

अमेरिकेतील ओहायो राज्यात टोलेडो नावाचे शहर आहे. तेथील विलीज कारखान्यातून १९४७ ते १९६५ या काळात एक दणकट पिकअप ट्रक बाहेर पडत असे. समोरून जीपचा चेहरा आणि मागे उघडा हौदा, असे त्याचे रूप. १९५० पासून त्यात चार सिलिंडरांचे 'हरिकेन' इंजिन बसू लागले. महिंद्र कंपनीने मुंबईत बांधलेल्या सीजे-३बी जीपगाडीतही हेच इंजिन होते. तेव्हा टोलेडोच्या त्या ट्रकचे दुखणे कोकणातल्या वा खानदेशातल्या जुन्या मिस्त्र्याला परके वाटण्याचे कारण नाही.

या ट्रकचा मालक हौशी संग्राहक असो की त्यातून अजून चारा वाहणारा शेतकरी असो, एखाद्या गार सकाळी एक ठराविक प्रसंग त्याच्यापुढे उभा राहतो. सेल्फ मारला की इंजिन फिरते, पण पेट घेत नाही. उतारावरून ढकलून दिले तर मात्र निमूटपणे सुरू होते, आणि चढ लागला की पुन्हा अडखळू लागते. मग सल्लागार जमतात. एकाच्या मते कार्ब्युरेटर चोंदलेला असतो, दुसऱ्याचा संशय पेट्रोलच्या पंपावर. तिसरा थोडा जाणता. तो प्लग काढून इंजिनाच्या अंगाला टेकवतो, सेल्फ फिरवायला सांगतो आणि बारीक, पिवळसर ठिणगी पाहून निकाल देतो : कॉइल गेली. नवी कॉइल येते आणि ठिणगी पूर्वीइतकीच पिवळी राहते. पैसे गेल्याचे दुःख आहेच. पण 'कॉइल तर नवी आहे' अशी खात्री पटल्यामुळे आता दोष इंजिनाच्या पोटात शोधला जातो आणि धडधाकट इंजिन उघडले जाते, हे दुःख अधिक मोठे.

वास्तविक ही सारी रचना मोठी सोपी आहे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन संशोधकाने १९१० च्या सुमारास कॅडिलॅक मोटारीसाठी ती सिद्ध केली आणि पुढे साठ वर्षे जगातील बहुतेक पेट्रोल गाड्या तिच्यावर चालल्या. १९७० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉनिक इग्निशन आले आणि नव्या मोटारींतून ती हळूहळू निघून गेली. कॉइलमध्ये एकाच लोखंडी गाभ्यावर दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचे, थोड्या वेढ्यांचे, आणि दुसरे केसासारख्या तारेचे, हजारो वेढ्यांचे. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट मिटले की बॅटरीचा प्रवाह जाड वेटोळ्यातून वाहतो आणि गाभ्यात चुंबकत्व साठते. पॉइंट उघडले की प्रवाह तुटतो, चुंबकत्व एकदम कोसळते आणि बारीक वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उसळतो. तोच प्लगच्या फटीतून उडी घेतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर ही सारी घडामोड सेकंदाला १०० वेळा व्हावी लागते.

आता गणिताची एक गोष्ट. गाभ्यात साठणारी शक्ती प्रवाहाच्या प्रमाणात वाढत नाही, प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. या ट्रकच्या सुरुवातीच्या गाड्यांत बॅटरी ६ व्होल्टची. वाटेत गंजलेल्या जोडांनी त्यातला एकच व्होल्ट खाल्ला, तर प्रवाह पाचषष्ठांश उरतो आणि ठिणगीचे बळ मात्र जवळजवळ तीस टक्क्यांनी घटते. सेल्फ फिरताना तर तो स्वतःच बॅटरीतून प्रचंड प्रवाह ओढतो आणि कॉइलच्या वाट्याला आधीच कमी व्होल्ट येतात. ढकलल्यावर गाडी का सुरू होते, याचे उत्तर बहुधा येथे असते. सेल्फ मध्ये नसतो, म्हणून तेवढे व्होल्ट कॉइलला मिळतात.

म्हणून शहाणा मिस्त्री कॉइलला सर्वांत शेवटी हात लावतो. तो बॅटरीपासून निघतो. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी खरवडून काढतो. बॅटरीची अर्थची पट्टी चेसीला आणि चेसीतून इंजिनाला नीट पोहोचते की नाही, हे पाहतो. रंगावर किंवा गंजावर आवळलेला बोल्ट दिसायला घट्ट असतो, पण वीज त्यातून कष्टाने जाते. मग तो पॉइंट मिटलेले ठेवून व्होल्टमीटरची एक तार बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरी कॉइलच्या स्विचकडील टोकाला लावतो. जो आकडा दिसेल, तो वाटेत हरवलेला दाब. तारा, किल्लीचा स्विच, जोड यांनी मिळून किती खाल्ले, ते तेथे उघड होते. हे काम दहा मिनिटांचे. पण ते न करता बाजारात जाणारेच अधिक.

यानंतर पॉइंट. त्यांची तोंडे करडी व सपाट असावीत. काळी पडली असतील, त्यांना तेल लागले असेल, किंवा एकावर खड्डा आणि दुसऱ्यावर टेकडी झाली असेल, तर प्रवाह तेथेच अडतो. पॉलिश पेपरने घासण्याची सवय वाईट. त्याचे कण पात्यात रुतून बसतात. बारीक कानस किंवा सरळ नवे पॉइंट, हा मार्ग बरा. या इंजिनात पॉइंटची फट इंचाच्या वीस सहस्रांशांइतकी, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर ठेवतात. फट फार मोठी झाली तर पॉइंट मिटून राहण्याचा काळ कमी होतो आणि गाभा पुरता भरत नाही. फट लहान झाली तर पॉइंटमध्येच ठिणगी रेंगाळते.

पॉइंटशेजारचा छोटा कंडेन्सर दिसायला क्षुल्लक, पण पॉइंट उघडताच प्रवाह झटक्यात तुटतो तो त्याच्यामुळे. तो बिघडला की पॉइंटमध्ये निळा जाळ दिसू लागतो आणि प्लगवरची ठिणगी पिवळी पडते. नवे पॉइंट थोड्याच दिवसांत जळाले, तर पहिला संशय त्याच्यावर घ्यावा.

बाहेर काढलेल्या प्लगवर ठिणगी दिसली म्हणजे सारे ठीक, हाही एक भ्रमच होय. सिलिंडरमध्ये दाबलेल्या वायूतून उडी घ्यायला उघड्या हवेपेक्षा कितीतरी अधिक व्होल्ट लागतात. चढावर इंजिन अडखळते ते यासाठीच. म्हणून कॉइलच्या तारेचे टोक इंजिनापासून पाव इंच दूर धरून पाहतात. तेवढ्या अंतरावरून निळसर, जाड ठिणगी कडकडून यावी. तार हातात नव्हे, कोरड्या लाकडी चिमट्यात धरावी, आणि जवळपास पेट्रोल सांडलेले नसावे. येथे ठिणगी चांगली असूनही प्लगवर दुबळी असेल, तर दोष डिस्ट्रिब्युटरच्या कॅपला गेलेल्या तड्यात, रोटरमध्ये किंवा प्लगच्या तारांत. रात्रीच्या अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवले, की गळणारी वीज तारांवर निळ्या किड्यांसारखी सरपटताना दिसते. पावसाळी दमट हवेत तर हा देखावा हमखास.

एवढे करूनही उणीव राहिली, तर एक गमतीची परीक्षा उरते. कॉइलच्या दोन बारीक तारा उलट लागल्या असतील, तर ठिणगीची दिशा उलटते आणि तिला अधिक दाब लागतो. इंजिन चालते, पण कुरकुरत. प्लगची तार प्लगपासून थोडी दूर धरून मधल्या फटीत शिसपेन्सिलीचे टोक धरावे. ठिणगीची झळाळी पेन्सिल आणि प्लग यांच्या मध्ये दिसली, तर दिशा बरोबर. ती तारेच्या बाजूला दिसली, तर किल्ली बंद करून कॉइलवरच्या त्या दोन तारांची अदलाबदल करायची, बोनेट खाली ओढायचे आणि सेल्फ मारायचा.