‘चालेल’ म्हणजे हो की नाही?



गेल्या वर्षी मी नेदरलँड्समध्ये, युट्रेक्ट शहरात, शाळेतल्या मैत्रिणीकडे अडीच महिने राहिले आणि तिथून सायकलने जर्मनीतल्या कोलोनपर्यंत गेले. गटाच्या बैठकीत जी ती त्या प्रवासाचंच विचारते. मला आज त्याच्या आधीचे सहा आठवडे सांगायचेत. घोळ सगळा तिथेच झाला.

घरात मैत्रीण, तिचे डच यजमान आणि दोन मुलं. चार घरं सोडून तिची सासू, वय ७४. तिकडे सासूलाही नावाने हाक मारतात. माझी काही जीभ वळेना. मी आपली ‘आजी’ म्हणायला लागले. त्यांना ते इतकं आवडलं, की शेजारणीलाही सांगून आल्या. सायकलवर जायची कल्पना त्यांचीच. ऱ्हाइन नदी स्वित्झर्लंडच्या डोंगरात उगम पावते आणि नेदरलँड्सजवळ समुद्राला मिळते. तिच्या काठाने हजारावर किलोमीटरचा सायकलमार्ग आखलेला आहे. युट्रेक्टहून निघून त्याला लागायचं आणि कोलोन गाठायचं, असं आम्हा तिघींचं ठरलं. एकूण सुमारे ३०० किलोमीटर.

आता मला सायकल येते का? येत होती, सातवीपर्यंत. मग मी शहाणी झाले आणि वडिलांनी सायकल धाकट्या भावाला दिली. मानव विकासच्या सायकलींवर शाळेला जाणाऱ्या मुली दिसल्या, की मी अजून थांबून बघते. ते असो.

त्या देशात माणसांपेक्षा सायकली जास्त. युट्रेक्टच्या स्टेशनखाली १२,५०० सायकली लावायची तीन मजली जागा आहे. कोट घातलेले साहेब, पोटुशी बाई, पुढच्या लाकडी पेटीत दोन पोरं बसवलेली आई, सगळे सायकलवर. मला जी सायकल दिली तिच्या हँडलला ब्रेकच नव्हता. पायडल उलटं दाबलं की ती थांबते. आपल्याला मोकळं पायडल उलटं फिरवायची सवय. पहिल्याच चौकात मी फिरवलं आणि जागच्या जागी आडवी झाले.

आजी म्हणाल्या, हे रस्ते असे आयते मिळाले नाहीत. १९७१ साली त्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत ३,००० हून जास्त माणसं गेली, त्यांत ४०० हून जास्त मुलं होती. १९७३च्या सुमारास आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचं नावच होतं ‘मुलांची हत्या थांबवा’. आजी तेव्हा तरण्या होत्या, मोठा मुलगा कडेवर. भर रस्त्यात बसलो होतो, म्हणाल्या. त्याच मुलाच्या घरी मी राहत होते.

दुसऱ्या रविवारी आजींनी टेबलावर एक वही ठेवली. प्रवासासाठी कुणी काय आणलं, किती युरो दिले, सगळं त्यात लिहायचं. मला वाईट वाटलं. पाहुणीकडून हिशोब? रात्री मैत्रिणीला बोलून दाखवलं. ती म्हणाली, “अगं, वहीत तुझं नाव आलं म्हणजे तू पाहुणी राहिली नाहीस.” गटाची वही मी १२ वर्षं लिहिते, आणि हे मला तिने सांगावं!

तिकडे संध्याकाळी सहालाच जेवतात. दर बुधवारी ताटं उचलली की टेबलावर नकाशा पसरायचा. आजी विचारायच्या, “दिवसाला ६० किलोमीटर, पाच दिवस. जमेल?” मी म्हणायची, “चालेल.” दोन रात्री तंबूत? “चालेल.” पाऊस असला तरी निघायचं? “चालेल.” शेवटी त्यांनी मैत्रिणीला विचारलं, “ही सारखा एकच शब्द म्हणते. याचा अर्थ हो की नाही?” मैत्रीण हसली, मीही हसले. उत्तर कुणी दिलं नाही.

उत्तर चौथ्या आठवड्यात मिळालं. सरावासाठी आम्ही वाइक बै डूरस्टेडे नावाच्या नदीकाठच्या गावाला गेलो. जाऊनयेऊन ५० किलोमीटर. तो मुलूख तव्यासारखा सपाट, चढ म्हणून नाही. पण तिथला वारा म्हणजेच घाट. परतताना तो समोरून आला. मांड्या सोललेल्या, गुडघा दुखत होता, मी बोलले नाही. बांधावरच्या रस्त्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी सायकल गवतात टाकून खाली बसले.

आजींनी माझी पाण्याची बाटली उचलली. भरलेली होती. सकाळपासून मी घोटभरही प्यायले नव्हते. का, ते तुम्हाला सांगायला नको. एसटीच्या प्रवासात आपण सगळ्या हेच करतो. वाटेत जायला जागा मिळेल की नाही, म्हणून प्यायचंच नाही. मैत्रिणीने समजावून सांगितलं तशा आजी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “हे तू पहिल्या बुधवारी सांगायला हवं होतंस. मी नकाशावर चर्च दाखवत बसले.”

त्या रात्री मी पहिल्यांदा माझा आकडा सांगितला. दिवसाला ४०, त्याच्या वर नाही. मध्ये जायला जागा हवी. तंबू नको. लाज वाटत होती, कारण ७४ वर्षांची बाई ६० म्हणत होती. त्यांनी मात्र चष्मा लावला आणि सगळं नव्याने लिहिलं. पाचाचे आठ दिवस झाले. जिथे कॉफी घेऊन संडास वापरता येईल अशा जागांवर लाल ठिपके दिले. खोलीभाड्याचा खर्च वाढला, तो वहीत तिघींच्या नावावर सारखा पडला. तंबू नको म्हणून मैत्रिणीनेही सुटकेचा श्वास टाकला. म्हणजे तीसुद्धा सासूपुढे ‘चालेल’च म्हणत होती!

उरलेले दिवस तयारीत गेले. तिकडे सायकलवाटांच्या फाट्यांना नंबर असतात. आपल्याला लागणारे नंबर ओळीने कागदाच्या पट्टीवर लिहायचे, पट्टी हँडलला चिकटवायची, की नकाशा उघडायला नको. पंक्चर काढायला मैत्रिणीच्या मुलाने शिकवलं. बादलीत ट्यूब दाबून बुडबुडे बघायचे, जागा घासायची, सोल्यूशन लावून थोडं वाळू द्यायचं, मग ठिगळ. तो १३ वर्षांचा गुरू फार कडक. तीनदा काढायला लावलं. बदल्यात मी त्याला भाकरी थापायला शिकवलं. ती काही त्याला आली नाही.

आठव्या दिवशी संध्याकाळी कोलोनच्या मोठ्या चर्चचे दोन मनोरे दिसले. त्याआधी वेझेलजवळ माझं मागचं चाक बसलं होतं. पाऊण तास लागला, पण पंक्चर मीच काढलं. आजी शेजारी गवतात बसून सफरचंद खात होत्या.