वॉटरप्रूफ कॉम्पॅक्ट की डीएसएलआर?

वॉटरप्रूफ कॉम्पॅक्ट आणि नवशिक्यांसाठीचा डीएसएलआर यांतला मुख्य फरक सेन्सरच्या आकाराचा. ऑलिंपस टफ टीजी-6 या कॉम्पॅक्टचा सेन्सर जेमतेम 6 मिलिमीटर रुंद, तर निकॉन डी3500चा साडेतेवीस मिलिमीटर. क्षेत्रफळात ही तफावत सुमारे 13 पट भरते. त्यामुळे मंद उजेडात डीएसएलआरचा फोटो स्वच्छ येतो. कॉम्पॅक्टच्या फोटोत दाणे दिसू लागतात. शिवाय डीएसएलआरची लेन्स गरजेप्रमाणे बदलता येते.

मात्र असा डीएसएलआर भर पावसात उघडा वापरता येत नाही. टीजी-6 पाण्याखाली 15 मीटरपर्यंत चालतो आणि खिशात मावतो. तारकर्लीचे स्नॉर्केलिंग किंवा सह्याद्रीतला पावसाळी ट्रेक, दोन्हीकडे तोच सोयीचा. त्याची सारी भिस्त झाकणाच्या आतल्या रबरी सीलवर असते. तिथे वाळूचा कण किंवा एखादा केस अडकला, तरी पाणी आत शिरू शकते. समुद्रातून काढल्यावर कॅमेरा गोड्या पाण्याने धुवावा आणि पूर्ण कोरडा झाल्यावरच झाकण उघडावे.

पक्षी, समारंभ, रात्रीची दृश्ये टिपायची असतील तर डीएसएलआर घ्यावा. पाणी, चिखल आणि भटकंती यांसाठी कॉम्पॅक्ट.