पहारेकरीच हमाल होतात तेव्हा



कांजिण्या आणि नागीण ही नावे अकोला-अमरावतीकडे घरोघरी ठाऊक आहेत. दोन्ही विकार एकाच विषाणूचे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. हा विषाणू हर्पिस कुळातला.

श्वासावाटे आत शिरल्यावर तो टॉन्सिलमधील टी पेशींना गाठतो. या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. पण हा लबाड त्यांच्याच पाठीवर बसून रक्तातून त्वचेपर्यंत येतो, आणि अंगभर फोड उठतात.

पहारेकरी इतके सहज कसे सापडतात? जर्मनीतील हॅनोव्हरच्या संशोधकांनी या विषाणूचे 'ग्लायकोप्रोटीन सी' नावाचे प्रथिन तपासले. बाधित पेशींतून बाहेर पडणारा त्याचा भाग पांढऱ्या पेशींना बोलावणाऱ्या रसायनांचा जोर वाढवतो, असे त्यांनी २०१७ साली दाखवले. पुढे त्यांना आणखी एक गोष्ट आढळली. इंटरफेरॉन गॅमा हा शरीराचा धोक्याचा इशारा. हे प्रथिन त्यालाच चिकटून त्याचा रोख असा वळवते की त्वचेच्या पेशींवर पकड धरणारे रेणू वाढतात. टी पेशी तेथे चिकटतात आणि विषाणू त्यांच्यात उतरतो. म्हणजे आरोळी आपली, फायदा चोराचा! हे प्रयोग प्रयोगशाळेतील पेशींवरचे आहेत, एवढे ध्यानात असू द्यावे.

टी पेशींच्या संसर्गाला दुसरेही एक प्रथिन लागते, 'ग्लायकोप्रोटीन ई'. गंमत अशी की, भारतात २०२३ साली आलेली नागिणीची नवी लस त्याच प्रथिनापासून केलेली आहे.

कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहतो आणि उतारवयात नागीण होऊन उठतो. नागिणीचे तोंड शेपटीला मिळाले की माणूस दगावतो, अशी समजूत आहे. तिच्यात तथ्य नाही. एक मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूला पसरतो, म्हणून फोडांचा पट्टा बहुधा मध्यरेषेशीच थांबतो. मांत्रिकाला यश मिळते ते याच कारणाने!

असायक्लोव्हिरसारखे औषध फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाले तर त्याचा गुण सर्वांत चांगला येतो. गेरू लावण्यात आणि मंत्र घालण्यात जातात ते नेमके हेच तीन दिवस. त्यातही कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले, तर डोळ्याला धोका असतो. अशा वृद्धाला अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात किंवा अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्याच दिवशी न्यावे. बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नये.